भाऊजींची सही

मला त्याची सही हवी होती. दोनशे किलोमीटर सायकल चालवण्यामागं माझं दुसरं कुठलंही कारण नव्हतं. लोक तब्येतीचं सांगतात, निसर्गाचं सांगतात, कुणी म्हणतं मी स्वतःला शोधायला निघालो. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घेते आणि चलनावर सही करते. हरवलेल्या पेट्या शोधण्यात माझा दिवस जातो, स्वतःला शोधायला वेळ नव्हता.

तो म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा. हाडांचा डॉक्टर. दवाखाना चांगला चालतो, हात चांगला आहे. माझ्या सासूबाईंचा खुबा त्यानंच बसवला आणि त्या आज काठीशिवाय चालतात, हे मी आधीच सांगून टाकते. ते वेगळं आणि हे वेगळं. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण घरचा जावई. म्हणून तोंडावर भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. इथं लिहिताना तो म्हणणार. एवढी मोकळीक मी घेतलेली आहे.

आमच्या भागातली कंपनीची बस बंद झाली तेव्हा मी सायकल काढली. शेंद्र्याला जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतात. पुढं टोपली असलेली जाडजूड लेडीज सायकल होती. पहिल्या महिन्यात गुडघे बोलले, नंतर गप्प बसले. त्याच सुमारास त्यानंही सायकल घेतली, माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी, आणि शहरातल्या सायकलवाल्यांच्या गटात गेला. दर रविवारी त्याचा फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर यायचा. काळा चष्मा, मागं दौलताबादचा किल्ला.

या गटानं शंभर किलोमीटरची एक फेरी ठेवली. गंगापूरच्या पुढं जाऊन परत. मी नाव दिलं. तो त्या दिवशी स्वयंसेवक होता, सगळ्यांच्या मागून टेम्पो घेऊन येणारा. महिना अधिकाचा होता, आणि नेमकं त्याच दिवशी दुपारी एक वाजता आमच्या घरी त्याला धोंड्याचं जेवण होतं. सासूबाईंना मी म्हटलं होतं, "पुरण रात्रीच वाटून ठेवते. दोनपर्यंत येते. तोवर ते टेम्पोतच असतील, त्यांनाही उशीरच होणार." त्या हो म्हणाल्या.

वाळूजच्या अलीकडं, अकरा किलोमीटर राहिले असताना टेम्पो माझ्या बाजूला आला.

"वहिनी, उतरा आता. बारा वाजले. संपलं."

"संपलं म्हणजे?"

"टाइम संपला. नियम आहे. चला लवकर, मामी वाट बघत असतील. धोंडे गार होतील."

नियम म्हटल्यावर मी उतरले. माझी सायकल वर बांधली, आणि मी आत पाण्याचे ड्रम आणि केळ्यांची दोन कॅरेट यांच्यामधे बसले. एक वाजता तो पाटावर होता आणि मी हात-पाय धुऊन त्याच्या पानात तूप वाढत होते.

"मामा, तुम्हाला सांगतो," तो माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "आज वहिनींना केळ्यांच्या कॅरेटात घालून आणलं!"

सासरे हसले. नणंद हसली. माझा नवरा आधी माझ्याकडं बघून थांबला, आणि मग हसला.

"केळी तरी पूर्ण पोचली का, का तीही अर्ध्यात उतरली?" हे माझ्या नवऱ्याचंच.

"वहिनी, शंभर म्हणजे शेंद्रा नव्हे," तो म्हणाला. "बायकांचं अंग वेगळं असतं. डॉक्टर म्हणून सांगतो. तूप कमी घाला, हात दुखत असतील."

मी तूप कमी घातलं नाही. आणखी तीन धोंडे वाढले. अधिकात जावयाला नाही म्हणता येत नाही, त्यानं ते खाल्ले. त्याहून जास्त काही करण्याची सोय सुनेला त्या दिवशी नसते.

संध्याकाळी कपडे भिजवताना कुर्त्याच्या खिशातून त्या फेरीचं कार्ड निघालं. घामानं मऊ पडलं होतं. मी ते तेव्हा पहिल्यांदा उलटून पाहिलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं: सुरुवात सकाळी सहा, अखेरची वेळ दुपारी एक.

एक. बारा नव्हे. अकरा किलोमीटरला माझ्याकडं एक तास होता. त्या टोपलीच्या सायकलवरही मी ते पंचेचाळीस मिनिटांत केले असते.

आधी मला स्वतःचाच राग आला. वीस वर्षं मी चलन वाचल्याशिवाय सही केलेली नाही. ट्रकवाला ओरडू दे, मॅनेजर ओरडू दे. आणि हे कार्ड मी खिशात घालून फिरले, उलटून पाहिलं नाही. मग त्याला फोन केला.

"भाऊजी, वेळ एकपर्यंत होती."

"हो का?" तिकडं कुठंतरी टीव्ही चालू होता. "असेल. अहो वहिनी, काय फरक पडतो? तुम्ही काय स्पर्धेत होता का?"

फोन ठेवला. काय फरक पडतो हे तीन शब्द मी पुढं सात महिने रोज शेंद्र्याला घेऊन गेले आणि रोज परत आणले.

हा सगळा गट ज्यांनी उभा केला ते उस्ताद म्हणजे जुन्या शहरात सायकलचं दुकान असलेले एक साठीतले गृहस्थ. त्यांच्याकडं गेले आणि जुनी, पातळ टायरची, वाकड्या हॅन्डलची एक सायकल घेतली. पुण्याला नोकरी लागलेल्या कुणा इंजिनिअरनं विकायला ठेवलेली.

"बाजी, इस पे टोकरी नहीं लगती," उस्ताद म्हणाले. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं ते मला बाजी म्हणतात.

"नको टोपली. दोनशेची फेरी कधी आहे?"

"जानेवारी में. साडेतेरा घंटे. आप करेंगे?"

"शेवटच्या ठिकाणी कोण बसतं?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला. शेवटी परत आल्यावर कार्डावर वेळ लिहून सही कोण करतं? त्यांनी डोकं खाजवलं. कधी हा, कधी तो, जानेवारीत बहुतेक डॉक्टरसाब बसतील, त्यांचं पोटरीचं दुखणं चालू आहे, चालवणार नाहीत.

"लिहा माझं नाव," मी म्हटलं.

मला हेच हवं होतं. त्याच्याच हातानं, त्याच्याच पेननं, माझ्या कार्डावर माझी वेळ. मी काही बोलणार नव्हते. फक्त कार्ड पुढं करणार होते आणि तो लिहीत असताना बघत राहणार होते. आणि मग ते कार्ड घरच्या ग्रुपवर, दौलताबादशेजारी.

तयारी कशी केली ते सांगण्यात अर्थ नाही, सगळे तशीच करतात. ट्यूब बदलायला शिकले, उस्तादांच्या दुकानातल्या फरशीवर बसून दहा वेळा. या वेळी कार्डाची मागची बाजू पाठ केली. सकाळी सहाला निघायचं, संध्याकाळी साडेसातच्या आत परत. मधे तीन ठिकाणी नोंद. दोन ठिकाणी माणूस नसतो. तिथं दुकानात काहीतरी विकत घ्यायचं आणि वेळ छापलेलं बिल कार्डाला टाचायचं. कुठलंही बिल चालतं. उस्तादांनी हे मला तीनदा सांगितलं. "टांगां बाद में, बाजी. कारड पैले. कारड गया तो पूरी राइड गई."

निघायच्या दिवशी क्रांती चौकापासून जवळ एका बंद शाळेच्या फाटकासमोर टेबल लावलं होतं. थंडी होती. तो स्वेटर घालून, थर्मासमधला चहा पीत तिथं उभा होता. कार्डं तोच वाटत होता.

"वहिनी? दोनशे?" त्यानं कार्ड माझ्या हातात द्यायच्या आधी जरा वर धरलं. "अहो, हे म्हणजे पिशोरला माहेरी जाऊन येणं नव्हे."

"माहीत आहे."

"मी साडेसातला टेबल उचलणार बरं का. एक मिनिट वर नाही. नात्याचा विचार नाही करणार."

"करूच नका," मी म्हटलं. "तेवढं लक्षात ठेवा. साडेसात."

नगर रस्त्यानं जाताना काही अडचण आली नाही. वारा पाठीमागून होता हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं मीच चांगली चालवते आहे. उसाचा हंगाम होता. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्यावर पडलेली चिपाडं, कानठळ्या बसवणारी गाणी. गोदावरीचा पूल ओलांडून पहिली नोंद घेतली, एका हॉटेलात बिस्किटपुडा घेऊन बिल टाचलं. घोडेगाव सोडून बऱ्याच पुढं, शंभराव्या किलोमीटरला एका रसवंतीपाशी गटाचा माणूस बसला होता. त्यानं शिक्का मारला. बारा वाजायला पाच मिनिटं कमी होती. मी उभ्या उभ्या दोन पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि अर्धा पेला रस घेतला आणि सायकल वळवली.

वळवल्याबरोबर वारा तोंडावर आला.

त्याबद्दल एवढंच लिहिते की पुढचे शंभर किलोमीटर तो तोंडावरच होता. सपाट रस्त्यावर चढ चढल्यासारखं पॅडल मारावं लागत होतं. माझ्यापुढचे सगळे दोघा-तिघांनी मागं-पुढं राहून, एकमेकांच्या आडोशानं गेले. मी एकटी होते, मला आडोसा नव्हता. तेव्हा मी त्याचा चेहरा समोर ठेवला. खरंच ठेवला. चार पावलं पुढं, रस्त्यावर, स्वेटर घातलेला, हातात थर्मास. त्याला गाठायचं. पाय दुखले की त्याचं एकेक वाक्य आठवायचं आणि त्यावर दहा पॅडल मारायचे. बायकांचं अंग वेगळं असतं. दहा. केळ्यांच्या कॅरेटात. दहा. लोक देवाचं नाव घेतात. मला हे पुरलं.

तिसरी नोंद पुन्हा त्याच पुलापाशी, दीडशेव्या किलोमीटरला. त्याच्या थोडं आधी मागचं चाक बसलं. खाली बसले, ट्यूब बदलली, हवा भरली. पंचवीस मिनिटं. हॉटेलात पोचले तेव्हा चारला बारा कमी होते आणि त्या नोंदीची मर्यादा चारची होती. गल्ल्यावरचा माणूस फोनवर बोलत होता.

"दादा, बिल द्या आधी."

"काय घेतलं?"

"काहीही. पाण्याची बाटली. बिल छापून द्या."

"बाटलीचं कुणी बिल घेतंय व्हय ताई?"

"मी घेते."

छापलं. टाचलं. पुढं निघाले. बारा किलोमीटर गेले आणि मागचं चाक पुन्हा बसलं.

या वेळी मला कळलं काय झालं होतं. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवायचं असतं, काय टोचलं ते काढून टाकायचं असतं. उस्तादांनी दहाही वेळा बोट फिरवायला लावलं होतं. आणि मी रागाच्या घाईत ते केलंच नव्हतं. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली केसाएवढी तार आतच होती. तिनं जुनी ट्यूब खाल्ली होती, आता नवीही खाल्ली. तिसरी ट्यूब माझ्याकडं नव्हती. नखानं तार ओढून काढली, बोटातून रक्त आलं, ते कुर्त्याला पुसलं. मग रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसले आणि ट्यूबला ठिगळ लावायला घेतलं. सोल्युशन वाळायला वेळ लागतो. फुंकर मारून लवकर वाळत नाही, तरी मी मारत होते.

एक उसाचा ट्रॅक्टर हळू झाला. वरून ड्रायव्हर ओरडला, "काय झालं वो ताई?"

"पंक्चर."

"कुठं जायचंय?"

"संभाजीनगर."

"आन् आल्या कुठून?"

"संभाजीनगरहून."

त्यानं गाणं बारीक केलं. मग म्हणाला, "टाका सायकल उसावर. फाट्यापर्यंत सोडतो."

"नाही चालत. नियम आहे."

"मंग झाल्यावर ट्रॉली धरा मागून. लई वारं हाय. कोन बघतंय इथं?"

"तिकडं एकजण बसलाय टेबल मांडून."

"मालक तुमचे?"

"नाही. घरचा जावई."

"आरं बाप्पा!" तो म्हणाला. "मंग तर जपूनच." गाणं पुन्हा मोठं केलं आणि गेला.

मनात आलं नाही असं नाही. त्या ट्रॉलीच्या मागं वारा लागत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण धरली असती तर मी आणि तो सारखेच झालो असतो, वेळेत फिरवाफिरव करणारे. मला त्याच्यावर पूर्ण हक्कानं राग धरायचा होता. त्यासाठी माझ्याकडं एकही चूक नको होती.

चाक बसवून उठले तेव्हा पाच वाजायला पाच मिनिटं कमी होती आणि अडतीस किलोमीटर राहिले होते. फोन दुपारीच बंद पडला होता, चार्जर होता पण त्याची वायर धरत नव्हती. ठिगळ टिकेल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. टिकलं नाही तर टेम्पो होताच कुठंतरी मागं.

फाटा मागं पडला. अंधार पडला, दिवे लावले. वाळूजला शिफ्ट सुटली होती. बसा, मोटारसायकली, रस्ता ओलांडणारी माणसं. एका सिग्नलला मी पाय टेकला आणि तो पाय परत उचलेना. मांडीत गोळा आला होता. मागचा मोटारसायकलवाला हॉर्न देत होता. मी मांडीवर दोन बुक्के मारले, स्वतःच्याच, जोरात, आणि निघाले. छावणीतून पुढं शेवटचा चढ आहे. गाडीतून जाताना तो चढ आहे हे कळतही नाही. तो मी उभ्यानं चढले. तोंडानं काय काय बोलत होते ते इथं लिहिणार नाही.

शाळेच्या फाटकापाशी आले. समोरच्या ज्वेलरी दुकानाच्या घड्याळात सात एकवीस झाले होते.

टेबल नव्हतं. बॅनर नव्हता. फाटकाला कुलूप आणि खाली चहाचे कागदी कप.

मी उतरले आणि उभी राहिले. आधी वाटलं जागा चुकली. मग पलीकडच्या पानटपरीवाल्यानं सांगितलं, "सायकलवाले ना? गेले की. डॉक्टर होते, सगळं गाडीत टाकून सात वाजताच गेले. म्हणाले आता कुणी येत नाही."

सात वाजता. साडेसातला एक मिनिट वर नाही म्हणणारा माणूस साडेसातच्या आधी अर्धा तास उठून गेला होता. मला नंतर कळलं, त्यानं माझ्या नवऱ्याला फोन केला होता, वहिनींचा फोन लागत नाही, बसल्या असतील कुठंतरी टेम्पोत. आणि टेम्पोवाल्याला विचारलं नव्हतं.

रडू आलं का? नाही. डोकं एकदम चालू लागलं. माणूस नसेल तिथं बिल. कुठलंही बिल, वेळ छापलेलं. एटीएम चौकाच्या कोपऱ्यावर होतं; शटर अर्धं खाली. पेट्रोल पंप लांब. समोर ज्वेलरी दुकानाशेजारी एक मेडिकल होतं, दिवे लखलखीत, आत काउंटरपाशी तिघं.

सायकल पायरीला टेकवून आत गेले. पहिला माणूस कुणाच्यातरी साखरेच्या गोळ्या पट्टी-पट्टीनं मोजून घेत होता. दुसरीला डायपर हवे होते आणि मोठे हवे होते. भिंतीवरचं घड्याळ तेवीस दाखवत होतं. मी म्हटलं, "मला फक्त एक क्रेप बॅन्डेज द्या, आणि बिल. आधी बिल." डायपरवालीनं माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा कशी दिसत होते ते मला माहीत नाही, पण ती बाजूला सरकली.

मेडिकलवाल्यानं बॅन्डेज काढलं आणि कॉम्प्युटरपुढं वाकला. "पेशंटचं नाव?"

मी माझं सांगितलं. पूर्ण.

"डॉक्टर?"

आपल्याकडं मेडिकलच्या बिलावर डॉक्टरचं नाव लागतंच. त्याचा रकाना असतो. कुणी साधं बाम घेतलं तरी विचारतात.

"सेल्फ टाकू का?" तो म्हणाला. "बॅन्डेजला काही लागत नाही तसं."

"नाही," मी म्हटलं. "लिहा." आणि भाऊजींचं नाव सांगितलं. आडनावासकट, डिग्रीसकट.

"अरे, सर का? ते तर आत्ताच गेले की इथून. समोरच होते दिवसभर."

"माहीत आहे. लिहा तुम्ही."

छोटं यंत्र करकरलं. कागद बाहेर आला. वर माझं नाव, त्याखाली त्याचं, त्याखाली एक क्रेप बॅन्डेज, आणि उजव्या कोपऱ्यात वेळ. सात सव्वीस.

मी तिथंच काउंटरवर ते कार्डाला टाचलं. स्टेपलर मेडिकलवाल्याचा. डायपरवाली म्हणाली, "लागलंय का कुठं?" मी म्हटलं, "नाही, आता नाही." मग बाहेर येऊन पायरीवर बसले, कारण उभं राहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कार्ड उस्तादांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, बिल वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पोट धरून हसले. "बाजी, डॉक्टरसाब के नाम का बिल! ये तो कमाल कर दिए आप!" मग गंभीर झाले. सात वाजता टेबल उचललं हे त्यांना आवडलं नव्हतं, ते त्यांनी त्यांच्या शब्दांत सांगितलं. बिल चालेल, फेरी पूर्ण धरली. शेवटच्या रकान्यात सही ते स्वतः करून देतो म्हणाले. पेन काढलंही.

"नको," मी म्हटलं. "ती मी आणते."

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याच्या दवाखान्यात गेले. घरी गेले असते तर तो जावई, मी सून, सासूबाई मधे चहा घेऊन आल्या असत्या. फोनवर त्याला टीव्ही असतो. दवाखान्यात तो डॉक्टर आणि मी नंबर तेवीस. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काय त्रास आहे?"

"सही पाहिजे सरांची."

"सर्टिफिकेट का? फिटनेसचं?"

मी थोडा विचार केला. "हो. फिटनेसचंच."

तिनं तसं लिहून घेतलं. दीड तास बसले. माझ्या एका बाजूला गुडघ्याची आजी, दुसऱ्या बाजूला हात मोडलेला शिक्षक. तिथं तो दोन-दोन पेशंट एकदम आत घेतो, एक टेबलापाशी, एक खाटेवर. आजी आणि मी एकदमच आत गेलो. आजीची सून मागं उभी राहिली.

"या, काय होतंय..." असं म्हणत त्यानं मान वर केली. "वहिनी! अहो, नंबर काय लावता? फोन करायचा ना."

मी कार्ड टेबलावर ठेवलं. बिल वर येईल असं.

त्यानं ते वाचलं. आधी माझं नाव, मग आपलं. "हे काय? मी कधी लिहून दिलं तुम्हाला?"

"तुम्ही नव्हता म्हणून लिहावं लागलं."

खाटेवरची आजी, सून, बाजूची नर्स, तिघी आमच्याकडं बघू लागल्या.

"वहिनी, अहो, सातपर्यंत कुणी आलं नाही. मला वाटलं..."

"साडेसातची वेळ होती."

"हो, पण..." त्यानं आवाज खाली आणला. "काय फरक पडतो आता? उस्तादला सांगतो मी, तो करेल सही."

"तुमची पाहिजे. त्या दिवशी तिथं तुम्ही होता. किंवा असायला हवं होतं."

आजीला एवढ्या वेळात काय कळलं कोण जाणे. ती खाटेवरून म्हणाली, "करून टाका की डागदर. बाई सकाळधरनं बसल्यात."

त्यानं पेन उचललं. कान लाल झाले होते. घाईघाईनं शेवटच्या रकान्यात वेळ लिहिली, सात तीस, आणि खाली सही मारली. कार्ड माझ्याकडं सरकवलं.

मी ते वाचलं. आता मी वाचल्याशिवाय काही घेत नाही.

"सात सव्वीस," मी म्हटलं.

"काय?"

"बिलावर सात सव्वीस आहे. तुम्ही तीस लिहिलं. चार मिनिटं माझी आहेत."

त्यानं बिल पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तीसवर काट मारून सव्वीस लिहिलं. कार्ड पुन्हा सरकवलं. मी पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं.

"खाडाखोड झाली की तिथंही सही लागते, भाऊजी. आमच्या स्टोअरला असंच असतं. नाहीतर माल परत."

नर्सनं तोंड फिरवलं. आजीच्या सुनेनं पदर तोंडाला लावला. त्यानं पेनचं टोपण पुन्हा काढलं. मग वाकला आणि काट मारली होती तिथं, बारीक जागेत, दुसऱ्यांदा सही केली. या वेळी नीट, सुवाच्य.

मी कार्ड उचललं, शाई वाळली का ते बोटानं पाहिलं, आणि खाटेकडं वळून म्हटलं, "या आजी. आता तुमचा गुडघा."